परगावी बाळाचे अंथरूण

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी सामानाची यादी होऊ लागते. पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा, औषधांची पिशवी, टोप्या, फोनचे चार्जर, आणि ऐनवेळी कुठे मिळायची नाही म्हणून वाळत घालायची दोरीसुद्धा. यादी करणारा हा बहुधा घरातला जबाबदार माणूस असतो, आणि तो सहसा काही विसरत नाही. पण अशा पुष्कळ याद्या पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की घरातले सर्वांत धाकटे माणूस, म्हणजे दीड-दोन-अडीच वर्षांचे मूल, परगावी रात्री कशावर निजणार, ही नोंद मात्र त्यात कुठेच नसते. ‘निजेल की आपल्यातच!’ एवढ्या एका वाक्यात तो प्रश्न निकालात निघालेला असतो.

आमच्या घरी तो असाच निकालात निघाला होता. धाकटी मुलगी सव्वादोन वर्षांची असताना आम्ही नाशिकहून कोकणात, दापोलीकडच्या समुद्रकाठी, चार दिवस गेलो. उतरलो त्या खोलीत मोठा जोडपलंग होता, चांगला गुडघ्याहून उंच. आपण सगळेच करतो तेच आम्ही केले. पलंग भिंतीला लावून घेतला, मुलीला भिंतीकडे निजवले आणि मोकळ्या बाजूला, पायथ्याशी, मिळतील तेवढ्या उशा रचून तट उभा केला. पहिल्या रात्री ती एक वाजेपर्यंत झोपली नाही. दुसऱ्या रात्री थकून झोपली, आणि आम्हीही झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास पत्नीला जाग आली. उशांचा तट जागच्या जागी होता. मूल तेवढे नव्हते. ते सापडले गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, छातीपर्यंत खाली गेलेले. रात्रभरच्या हालचालीने पलंग चार-पाच बोटे सरकला होता, आणि काथ्याची गादी मुलाच्या वजनाने दबून वाट देत होती. ती रडत नव्हती. रडायला छातीत हवा भरून घ्यावी लागते, आणि तेवढी जागाच तिला उरली नव्हती.

बाहेर ओढून काढल्यावर ती रडली, आणि त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. यात त्या खोलीवाल्याचा काही दोष नव्हता. दोष आमचा होता. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. ‘एका बाजूला भिंत आहे, सबब मूल त्या बाजूने पडणार नाही’ हे विधान मुलांनी उत्तरपत्रिकेत लिहिले असते, तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती. स्वतःच्या मुलीला मात्र मी त्याच विधानावर निजवले होते.

त्या रात्रीनंतर या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि जाणत्या माणसांना विचारले. त्यातले काही येथे सांगतो.

पहिली गोष्ट, मूल नव्या जागी झोपत का नाही? आपण म्हणतो, ‘जागा नवी आहे, बिचकलंय.’ हे बिचकणे निव्वळ लहान मुलांचे नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांचे सहकारी यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूची तपासणी केली. त्यांना असे आढळले, की परक्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो जणू पहाऱ्यावर राहतो, अनोळखी आवाज झाला की चटकन प्रतिसाद देतो. पुढच्या खेपेला हा फरक नाहीसा होतो. प्रयोग मोठ्या माणसांवर झालेला होता. पण पन्नाशीच्या पाहुण्याला जर आपल्याकडे पहिल्या रात्री झोप लागत नाही, तर दोन वर्षांच्या पोराकडून आपण ती का अपेक्षावी?

दुसरी गोष्ट याहून उपयोगाची आहे. मूल रात्रभर सलग झोपते, ही आपली समजूत खरी नाही. मुलांच्या झोपेचे फेरे मोठ्यांपेक्षा आखूड असतात; तासाभराने, थोड्या अधिक वेळाने, झोप पातळ होते आणि मूल क्षणभर अर्धवट जागे होते. त्या क्षणी सगळे ओळखीचे असले, तोच अंधार, तोच वास, तीच कूस, तर ते पुन्हा झोपी जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मात्र ते झोपले एका जागी आणि जागे झाले भलत्याच जागी, तर काय होईल? आपण परगावी नेमके हेच करतो. रात्री नऊला मूल आजोबांच्या मांडीवर, गप्पांच्या घोळक्यात, दिव्याच्या उजेडात पेंगते. मग कुणीतरी हलकेच उचलून त्याला आतल्या काळोख्या खोलीत नेऊन ठेवते. तासाभराने ते डोळे उघडते तेव्हा मांडी नाही, आजोबा नाहीत, उजेडही नाही. मग ते किंचाळले तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळा, माझी ना नाही. पण ज्या जागी त्याला जाग यावी असे वाटते, त्याच जागी त्याला झोप लागू द्या. आमच्या घरी या एका गोष्टीने निम्मा त्रास कमी झाला.

उरलेला निम्मा एका दुपट्याने कमी केला. माझ्या आईच्या जुन्या सुती लुगड्याचे ते दुपटे, चहूबाजूंनी धावदोरा घातलेले, एका कोपऱ्यावर चोखून चोखून विरलेले. पहिल्या प्रवासाच्या आधी आम्ही ते स्वच्छ धुऊन, ऊन देऊन, घडी घालून नेले होते. चूक झाली. त्याचा गुण होता तो त्याच्या वासात, आणि तो वास आम्ही घरीच धुऊन टाकला होता. अशा चिंधी-बाहुलीला मूल का बिलगते, याचा विचार डोनाल्ड विनिकॉट या इंग्लंडातल्या बालवैद्याने १९५१ साली एका निबंधात मांडला. त्याचा आशय असा, की ती वस्तू मुलाला आईही नसते आणि परकीही नसते. आईपासून थोडे दूर होण्याच्या वाटेवरचा तो आधार असतो. आपल्याकडच्या आज्यांनी हा निबंध वाचलेला नव्हता, पण माहेरपणाला निघालेल्या मुलीच्या बोचक्यात त्या बाळाचे मळके दुपटे आठवणीने घालत.

आता अंथरुणाकडे वळू. माझे स्पष्ट मत असे, की परगावच्या पक्क्या घरात किंवा लॉजच्या खोलीत एक ते तीन वर्षांच्या मुलाला जमिनीवर निजवावे. जमिनीवरून कुणी पडत नाही. बहुतेक ठिकाणी जादा गादी मागितली की मिळते, फार तर तिचे पैसे पडतात. ती खोलीच्या मध्याकडे, भिंतीपासून हातभर दूर टाकावी. गादी घट्ट असावी, दाबली तर हात आत रुतू नये. खाली सतरंजी, वर घरून नेलेली चादर आणि ते दुपटे. उशांचे तट रचू नयेत. मूल त्यावर चढून पलीकडे पडते, नाहीतर तोंड खुपसून अलीकडे गुदमरते. त्याच्या शेजारी आई किंवा वडील यांनी आपली वेगळी गादी टाकून निजावे. पडद्यांच्या दोऱ्या, टेबलपंख्याची वायर, मोबाइलची वायर हाताला लागणार नाहीत असे करावे, आणि दाराची वरची कडी लावावी. मूल तुमच्या आधी जागे होणार आहे, आणि समुद्र तुमच्या खोलीपासून फार लांब नाही.

पलंगावरच निजायचे झाले तर मूल दोघांच्या मध्ये, आणि तेही कुणी झोपेचे औषध घेतलेले नसेल, दारू प्यालेले नसेल तरच. एक वर्षाच्या आतील तान्ह्या मुलाचा नियम याहून कडक आहे. त्याला उताणे निजवावे, खाली घट्ट गादी, उशी नाही, जाड पांघरूण नाही. खोली आईचीच, पण अंथरूण वेगळे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. हॉटेलात कठड्याचा छोटा पलंग मिळाला तर तोही आधी हलवून पाहावा. ज्याचा कठडा वरखाली सरकतो, असे पलंग अपघातांमुळे अमेरिकेने २०११ साली विक्रीतून बंद केले. जुने तसले पलंग इतरत्र अजून दिसतात.

एवढे सगळे मी कोकणातल्या एका नात्यातल्या मामींना मोठ्या ऐटीने ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या लॉजात ठीक आहे. माझ्या घरी मी पोराला जमिनीवर निजू द्यायची नाही. इकडे विंचू आहे, मण्यार आहे.”

मामींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मण्यार रात्री हिंडते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावल्याच्या हकिकती वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक. कोकणातल्या लाल विंचवाबद्दल तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे काम जगभर गाजले. प्राझोसिन या औषधाने त्यांनी विंचूदंशाच्या रोग्यांचे प्राण वाचवले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लहान मुलाला विंचू चावणे ही मोठ्या माणसापेक्षा फार गंभीर गोष्ट असते. तेव्हा मातीचे घर, कौलारू छप्पर, दाराशी लाकडांची रास, असे आजोळ असेल तर जमीन नको. बुटकी खाट बरी, आणि खाटेहून महत्त्वाची मच्छरदाणी. नेपाळच्या तराई भागात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी होतो असे आढळले. मात्र तिच्या कडा चहूबाजूंनी गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबती मच्छरदाणी म्हणजे दार उघडे टाकून लावलेले कुलूप. आणि दुपारच्या झोपेलाही ती लावावी, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सकाळी मुलाचे कपडे, बूट झटकून मग घालावेत, हे मामींचे वाक्य. त्यात मी काही भर घालत नाही.

आजोळ म्हटले की झोळी आलीच. तुळईला बांधलेली आजीची साडी, मध्ये बाळाचे बोचके, आणि एका हाताने दोरी ओढत दुसऱ्या हाताने भाजी निवडणारी आजी! ऊसतोडीला निघालेल्या बायाही फडाच्या कडेला झाडाला अशीच झोळी बांधतात. सहा-आठ महिन्यांपर्यंतच्या मुलाला, कुणी समोर बसलेले असताना, झोळी ठीक आहे. पण मूल बसू लागले, उभे राहू लागले, की तिचे दिवस संपले असे समजावे. दोन वर्षांचे मूल झोळीत उभे राहते, कापडाला पीळ बसतो, आणि तो पीळ गळ्याशी येऊ शकतो. घरात साडीचा झोका बांधून मुलांना एकटे सोडल्याने झालेले अपघात वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळतात. आजीला दुखवू नये हे खरे. पण झोळी सोडून ठेवायला तिला हळूच सांगावे.

प्रवासातल्या रात्रीचे काय? नाशिकरोडहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने नागपूरकडे निघालात, तर पाच वर्षांखालील मुलाला तिकीट पडत नाही, म्हणून त्याला बर्थही मिळत नाही. जेमतेम दोन फुटांच्या फळीवर आई आणि मूल. खालचाच बर्थ घ्यावा, मूल आतल्या बाजूला, आणि बाहेरच्या कडेला आईची पाठ. रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेली, कठड्याची छोटी घडीची फळी बसवून पाहिली होती. कल्पना चांगली होती, पण आपल्या गाडीत ती असेल अशा भरवशावर निघू नये. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांनी झोपलेल्या मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नये. मागे, त्याच्या मापाच्या खुर्चीत बांधून न्यावे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने तसे बंधनही घातले आहे. आणि झोपमोड नको म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून चहाला उतरणे, हे पाच मिनिटांसाठीही करू नये.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत. त्या बायांना दुसरा इलाज नव्हता. आज मात्र चांगली शिकलेली माणसे ‘प्रवासात शांत झोपेल’ म्हणून मुलाला सर्दी-खोकल्याचे औषध चमचाभर पाजतात. त्यातली गुंगी हा औषधाचा गुण नव्हे, दोष आहे, आणि लहान मुलात तो श्वासावर येऊ शकतो. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन या जोडीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. दुकानदार देतो, शेजारीण सांगते, म्हणून ते पाजू नये.

नाशिककरांना आणखी एक सांगायचे, ते येणाऱ्या पाहुण्यांविषयी. आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, हे आपण कौतुकाने वर्तमानपत्रात वाचतो. त्याच दिवसांत मुंबईकडची मंडळी त्र्यंबकेश्वराला, गडावर सप्तशृंगीला निघतात आणि मुलासाठी आणतात एक पातळ चादर. धर्मशाळेच्या दालनात रात्रभर दिवा जळत असतो, दहा कुटुंबे ओळीने पसरलेली असतात आणि पहाटे घंटा सुरू होतात. अशा वेळी पाहुण्यांच्या मुलाला आपल्या घरी निजवा, असे मी म्हणेन. त्याला मोठी जड रजई मात्र देऊ नका, ती तोंडावर येते. अंगात दोन थर कपडे, पायात मोजे आणि वर हलके पांघरूण पुरते. कानटोपी निजताना काढावी.

परदेशातून नातवंड येणार असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. कॅलिफोर्नियाचे आणि आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तासांनी वेगळे असते. तिकडची दुपार ती आपली मध्यरात्र. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकते, त्यामुळे हे मूल पहिला आठवडा रात्री दोनला उठून ‘खेळू या’ म्हणणार, यात त्याचे काही वाकडे नाही. त्याला रागावू नये, मोठे दिवे लावू नयेत, टीव्ही तर मुळीच नको. मंद उजेडात थोडे दूध, थोडी गोष्ट. सकाळी सात वाजता मात्र उठवून गच्चीवर उन्हात न्यावे. ऊन हीच त्या घड्याळाची किल्ली आहे.

आणि दुपारची झोप चुकवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा. सहलीत आपण म्हणतो, ‘दुपारी दमवा, म्हणजे रात्री ढाराढूर झोपेल.’ होते उलटेच. फार दमलेले मूल चिडते आणि झोप दूर पळते. दुपारी एखादे देऊळ, एखादा किल्ला पाहायचा राहिला तर राहू द्या. एकाने मुलाजवळ थांबावे. तो एक माणूस दर वेळी आईच असावा, असा काही शास्त्रार्थ नाही.

आम्ही आता निघण्यापूर्वी आठवडाभर घरीच तालीम करतो. खालच्या गादीवर तेच दुपटे, तीच चादर, दिवा मालवण्याची तीच वेळ, तीच गोष्ट. मुक्कामी शक्यतो दिवेलागणीच्या आत पोचतो, आणि गेल्या गेल्या गादी जमिनीवर टाकून मुलीला तिच्यावर उजेडात मनसोक्त कोलांट्या मारू देतो. जागा अंधारात परकी वाटू नये, म्हणून ती आधी उजेडात आपलीशी करायची. गेल्या खेपेस तिसऱ्या वर्षात असलेली ही मुलगी पहिल्याच रात्री साडेनऊला झोपली. पहाटे तीनला मला जाग आली, सवयीने. मी हात लांब करून चाचपून पाहिले. ती गादीवरून लोळत लोळत निसटून पार दाराजवळच्या फरशीवर पोचली होती आणि दुपट्याचा कोपरा तोंडात धरून स्वस्थ घोरत होती. मी तिला उचलली नाही. सतरंजी ओढून तिच्याजवळ नेली आणि तिथेच आडवा झालो.

चार दिवसांनी नाशिकला परत आलो. त्या रात्री, स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर, ती साडेअकरापर्यंत जागी होती आणि पुनःपुन्हा विचारत होती, “बाबा, समुद्राचा आवाज का येत नाही?”